जर्मन इलेक्ट्रॉनिक ट्रॅकवरचं निवेदन: डबिंगचे आवाज ठेक्यावर बसवायचे कसे?

खर्जातला_षड्ज

गाणारं कुणी नाही, आणि मध्येच एक भारदस्त जर्मन आवाज बोलायला लागतो. ट्रॅकचा नूरच पालटतो. हा धागा त्या आवाजांबद्दल: ते कुणाचे असतात, आणि मुख्य म्हणजे असं निवेदन ट्रॅकवर बसवताना काय करायचं, काय टाळायचं.

जर्मनीत परदेशी सिनेमे आणि मालिका सर्रास डब करूनच दाखवतात. एका हॉलिवुड नटाला शक्यतो वर्षानुवर्षं एकच आवाज ठेवतात. त्याला तिकडे 'स्टामश्प्रेशर' म्हणतात, म्हणजे ठरलेला आवाज. रॉबर्ट डी नीरो म्हणजे क्रिस्टियान ब्रुकनर, जॅक निकल्सन म्हणजे योआखिम केर्त्सेल, निकोलस केज म्हणजे मार्टिन केसलर, पॅट्रिक स्ट्युअर्ट म्हणजे बराच काळ रॉल्फ शुल्ट. तिथल्या श्रोत्याला हा आवाज कानावर पडला की चेहरा दिसायला लागतो, मग बोलणाऱ्याचं नाव ठाऊक असो वा नसो.

याचा सगळ्यात उघड वापर केला तो 'ई नोमिने'ने. क्रिस्टियान वेलर आणि फ्रिडरिश ग्रानर यांचा हा प्रकल्प १९९९ चा. त्याच वर्षी 'दास टेस्टामेंट', २००२ मध्ये 'फिन्स्टरनिस', २००३ मध्ये 'डी प्रोफेत्साइउंग'. लॅटिन कोरस, ट्रान्सचा ठेका आणि वर डबिंगवाल्यांचं निवेदन. याला त्यांनी नाव दिलं 'मोन्युमेंटल डान्स'. वरचे चारही आवाज त्यांच्या रेकॉर्डवर सापडतात. पाचवे हेल्मुट क्राउस. हे गृहस्थ 'ल्योवेनत्सान' या मुलांच्या कार्यक्रमात शेजारचे हेर पाशुल्के म्हणून घराघरांत माहीत होते. ज्या आवाजाने लहानपणी कुंपणापलीकडून गप्पा मारल्या, तोच इथे कोरसच्या मधून काळोखाबद्दल बोलतो.

तांत्रिक बाजू जाणणाऱ्यांनी भर घालावी. माझ्या मते नव्वद टक्के काम रेकॉर्डिंगच्या आधी, मजकुरात होतं.

पुणेरी_पॅड

धागा चांगला आहे, पण सगळे निवेदक डबिंगवालेच असतात असा समज नको.

'शिलर' घ्या. क्रिस्टोफर फॉन डायलेन यांनी मिर्को फॉन श्लीफेन यांच्यासोबत १९९८ मध्ये सुरू केलेला प्रकल्प, नाव थेट कवी शिलरवरून. तिथे फ्रान्झिस्का पिगुला आहेत, त्या डबिंगच्याच: 'एक्स फाइल्स'मधल्या स्कलीचा जर्मन आवाज. पण २००५ च्या 'टाग उन्ट नाख्ट'मध्ये बोलतो तो थॉमस डे, म्हणजे 'फॅन्टास्टिशन फीअर'मधला रॅपर. २००८ च्या 'झेनझुख्ट'वर आना मारिया म्यूहे, अभिनेत्री. तिघांचं बोलणं ऐकलं की फरक कळतो. रॅपर नकळत ठेक्याकडे सरकतो, अभिनेत्री वाक्याच्या अर्थाकडे. डबिंगवाली व्यक्ती दोन्ही सोडून वेळ पाळते, कारण तिचं रोजचं कामच ते.

आणि 'एनिग्मा'. १९९० चं त्यांचं 'सेडनेस' हे गाणं इथेही टेपरेकॉर्डरवर वाजून वाजून झिजलेलं आहे. हा प्रकल्प मिखाएल क्रेटूचा. कुजबुज त्याची तेव्हाची बायको सांड्रा हिची, ती मुळात गायिका. ते गाणं असलेल्या अल्बमच्या सुरुवातीचं निवेदन लुइसा स्टॅन्लीचं, आणि ती तर चक्क रेकॉर्ड कंपनीत काम करणारी. म्हणजे नावाजलेलाच आवाज हवा असं काही नाही.

खर्जातला_षड्ज

दुरुस्ती मान्य. डबिंगवाल्यांच्या शिस्तीबद्दल थोडं: तिथे संवादाचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, त्यांना 'टेक' म्हणतात. नट पडद्यावर तुकडा बघतो, कागदावरची ओळ बघतो आणि नेमक्या तेवढ्या वेळात भावासकट बसवतो. आठ-दहा सेकंदांत एक पूर्ण वाक्य, सुरुवात आणि शेवट ठरलेला. ट्रॅकमधल्या मोकळ्या जागेचं मापही साधारण हेच असतं.

रात्रपाळी

१२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोके) ट्रॅकच्या ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे ठेका थांबतो त्या भागात, निवेदन टाकायचं आहे. आठ बार मोकळे ठेवलेत. किती शब्द लिहावेत? आणि निवेदकाला क्लिक (ठोके मोजणारी टिकटिक) ऐकवावी का?

कोरडा_टेक

@रात्रपाळी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: क्लिक अजिबात नको.

क्लिक कानात असली की कसलेला माणूसही महत्त्वाचं अक्षर ठोक्यावर टाकतो. मग निवेदनाचं बडबडगीत होतं. शिवाय हेडफोनमधून ती माइकमध्ये झिरपते, आणि कुजबुजीच्या रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक ऐकू येते. निवेदकाला द्यायचा तो नुसता पॅड (मागे लांबत राहणारे सूर), ड्रम आणि बास बंद करून. सूर कळतो, मूड कळतो, ठेका कळत नाही. हेडफोन बंद कपांचे, आवाज बेताचा.

आता हिशेब. १२८ ला एक ठोका ४६८.७५ मिलिसेकंद, चारांचा बार १.८७५ सेकंद, आठ बार बरोबर १५ सेकंद. असं निवेदन मिनिटाला साधारण नव्वद शब्दांच्या चालीने बोललं तर भारदस्त वाटतं, म्हणजे १५ सेकंदांत बावीसेक शब्द. पण पहिला बार श्रोत्याच्या कानाला स्थिरावायला सोडायचा आणि शेवटचा बार रिव्हर्बच्या (घुमाऱ्याच्या) शेपटीला. उरले सहा बार, ११.२५ सेकंद. सतरा शब्द ही कमाल मर्यादा. तेरा-चौदा उत्तम.

बहुतेक जण तीस-पस्तीस शब्द लिहून ठेवतात. मग निवेदक पळतो, मग ट्रॅकवाला टाइम-स्ट्रेच करतो. पाच टक्क्यांपलीकडे ताणलं की श्वास आणि 'श', 'स' यांना पत्र्यासारखी किनार येते. शब्द कापा, आवाज ताणू नका.

अर्धविराम

शब्दसंख्येइतकंच वाक्याची रचना बघणं गरजेचं आहे. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे.

जर्मनमध्ये गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, आपल्यासारखंच. म्हणजे अर्थाची गाठ शेवटच्या शब्दावर सुटते. इंग्रजी निवेदनाच्या सवयीने लोक ड्रॉप (ठेका पुन्हा जोरात सुरू होतो तो क्षण) एखाद्या ठसठशीत नामावर ठेवतात, पण जर्मनमध्ये त्या क्षणी वाक्य अजून लटकत असतं. क्रियापद ड्रॉपखाली चिरडलं की जर्मन श्रोत्याला वाक्य तुटल्यासारखं वाटतं. आपण मराठीत 'तो काल रात्री घरी...' एवढंच म्हणून ढोल वाजवला तर कसं वाटेल, तसंच.

एक नमुना रचून दाखवतो, देवनागरीत:

'वेन डी श्टाट श्लेफ्ट, त्सेल्ट डेर फ्लुस डी लिश्टर, डी नीमान्ट गेलोश्ट हाट.'

अर्थ: शहर झोपतं तेव्हा कुणीच न मालवलेले दिवे नदी मोजते.

तेरा शब्द, तीन तुकडे. आता आठ बारांवर मांडू. पहिला बार रिकामा. दुसऱ्या बारात 'वेन डी श्टाट श्लेफ्ट', सुरुवात पहिल्या ठोक्यानंतर जराशी उशिरा. तिसऱ्याचा पूर्वार्ध रिकामा. तिसऱ्याच्या तिसऱ्या ठोक्यापासून चौथा संपेपर्यंत 'त्सेल्ट डेर फ्लुस डी लिश्टर'. पाचव्याचा पूर्वार्ध रिकामा, मग 'डी नीमान्ट गेलोश्ट हाट' सहाव्याच्या अखेरीपर्यंत. सातवा आणि आठवा बार मोकळा, ड्रॉप नवव्याच्या पहिल्या ठोक्यावर. 'हाट'मधला 'ट' पूर्ण ऐकू आला पाहिजे. तो सहाय्यक क्रियापदाचा शेवट आहे, तिथे वाक्य मिटतं.

रात्रपाळी

हे वाक्य छानच आहे. पण दोन बार मोकळे सोडले तर हवा जात नाही का?

अर्धविराम

पावणेचार सेकंद आहेत ते. 'दिवे कुणी मालवले नाहीत' हे डोक्यात उतरायला तेवढे लागतात. फारच लांब वाटलं तर सातव्या बारात पॅडचा फिल्टर उघडत न्या, पण स्नेअर रोल नको. शांत वाक्यानंतर रोल आला की वरातीचा बँड वाटतो.

कोरडा_टेक

या वाक्यात एक गंमत आहे, म्हणजे मिक्स करणाऱ्यासाठी डोकेदुखी. श्टाट, श्लेफ्ट, त्सेल्ट, फ्लुस, लिश्टर, गेलोश्ट: तेरा शब्दांत सहा ठिकाणी हिस्स, म्हणजे 'श'-'स'चा फुत्कार आहे. जर्मन मजकुराचं हे नेहमीचं. रिव्हर्ब आणि डिले लावले की प्रत्येक हिस्स दोनदा-तीनदा परततो आणि हाय-हॅटशी भांडतो.

उपाय क्रमाने. डी-एसर (हिस्स दाबणारं साधन) लावा, साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये, तीन-चार डेसिबलपेक्षा जास्त दाबू नका. जास्त दाबलं तर निवेदक बोबडा होतो, आणि जर्मन कान ते ताबडतोब पकडतो. मुख्य युक्ती वेगळीच: रिव्हर्बला जाणाऱ्या सेंडवर (आवाजाची तिकडे पाठवलेली प्रत) दुसरा डी-एसर लावा, तो खुशाल आठ-दहा डेसिबल दाबणारा. मूळ आवाज स्वच्छ राहतो, शेपटी मऊ होते. रिव्हर्बच्या परतीवर खालून ३०० हर्ट्झपर्यंत आणि वरून ६ किलोहर्ट्झच्या पुढे छाटा.

प्री-डिले (शब्द आणि रिव्हर्ब यांमधली फट) बाराचा एक बत्तीसांश ठेवा, १२८ ला सुमारे ५९ मिलिसेकंद. त्यामुळे शब्दाची सुरुवात कोरडी आणि पुढे राहते, खोली मागून येते. डिके (शेपटीची लांबी) एका बाराएवढा, १.८ सेकंदांच्या आसपास. चार-पाच सेकंदांचं कॅथीड्रल फक्त ब्रेकडाउनमध्ये, जिथे किक (बास ड्रमचा ठोका) नाही. किक सुरू झाल्यावर तेच ठेवलं की चिखल.

मिरजेची_तार

सगळे वेळेबद्दल बोलताहेत, सुराबद्दल कुणीच नाही.

बोलण्यालाही सूर असतो. खर्जातला पुरुषी आवाज वाक्याच्या शेवटी उतरतो तेव्हा ८०-९० हर्ट्झच्या घरात विसावतो. समजा ट्रॅक एफ मायनरमध्ये आहे. बासचा एफ ८७.३ हर्ट्झ किंवा त्याच्या निम्म्यावर, ४३.६५ वर. निवेदकाचा शेवट ८२.४ वर, म्हणजे ई वर पडला, तर दोघांत अर्ध्या सुराचं अंतर. शब्द संपताना खाली एक घरघर जाणवते, आणि माणूस ती ईक्यूने (ठरावीक पट्टा कमी-जास्त करून) काढायला जातो. ती ईक्यूने निघत नाही, कारण तो बेसूर आहे.

मार्ग दोन. एक, वाक्याच्या शेवटापुरता बास काढून घ्या आणि पॅडचा खालचा स्वर वरच्या सप्तकात न्या. दोन, शेवटचं अक्षर अर्ध्या सुराने वर सरकवा, फक्त तेवढंच. पूर्ण निवेदन सरकवू नका. दोन अर्धसुरांपलीकडे गेलात की माणूस एकतर राक्षस होतो नाहीतर खारूताई. पहिला मार्ग बरा. आवाजाला हात न लावलेला केव्हाही चांगला.

पुणेरी_पॅड

हे आधी कुणी एवढं उलगडून सांगितलेलं वाचलं नव्हतं. +१

कोरडा_टेक

+१, आणि याच्याच जोडीची गोष्ट: लो-कट, म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या खालचं छाटणं. ब्रेकडाउनमध्ये किक नाही, तिथे निवेदनाचा लो-कट ६० हर्ट्झवर ठेवला तरी चालतो, छाती भरून येते. किकवर बोलायचं असेल तर तोच ९० ते १०० वर न्यावा लागतो, कारण ५० ते १०० मधली जागा किक आणि बासची. दोन्ही ठिकाणी एकच सेटिंग ठेवलं की एकतर ब्रेकडाउन पोकळ किंवा ड्रॉप गढूळ. दोन ट्रॅक करा, भानगड नको.

पॅडला आवाजाच्या साइडचेनवर ठेवा, म्हणजे निवेदन आलं की पॅड आपोआप दबेल: ३ ते ४ डेसिबल खाली, अटॅक (दाब बसायचा वेळ) १० ते २० मिलिसेकंद, रिलीज (दाब सुटायचा वेळ) २०० ते ३००. रिलीज त्याहून आखूड ठेवला तर शब्दांच्या मधल्या फटीत पॅड उसळतो, दमा लागल्यासारखा. अख्खा पॅड दाबण्यापेक्षा डायनॅमिक ईक्यूने (निवेदन असेल तेवढाच वेळ) फक्त १ ते ४ किलोहर्ट्झ दाबलं तर ते जाणवतही नाही. जर्मन व्यंजनं याच पट्ट्यात राहतात.

कॉम्प्रेशन (मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणं) दोन टप्प्यांत. आधी वेगवान, चारास एक प्रमाणात, शिखरांवर तीनेक डेसिबल. मग संथ ऑप्टो कॉम्प्रेसर, आणखी दोन-तीन. एकाच कॉम्प्रेसरने आठ-दहा दाबलं की श्वास शब्दाएवढा मोठा होतो. मास्टरवरचा लिमिटर तो अजून वर आणतो. श्वास कापून मात्र टाकू नका, सहा-आठ डेसिबल खाली घ्या. श्वास नसलेलं निवेदन रेल्वे स्टेशनच्या घोषणेसारखं वाटतं.

नॉइज गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारं साधन) तर नकोच. 'इश', 'निश्त', 'लिश्ट' यांतला तो मऊ घर्षणाचा वर्ण इतका हळू असतो की गेट त्याला आवाज समजतच नाही.

रात्रपाळी

त्या मऊ वर्णाबद्दल सांगा ना कुणीतरी. इथल्याच एका मराठी मित्राकडून बोलून घ्यायचं घाटतंय, त्याचं जर्मन चांगलं आहे.

अर्धविराम

तो 'इश'मधला वर्ण आपल्या 'श'पेक्षा पुढचा आणि मऊ आहे. 'ही' म्हणताना जीभ जिथे असते तिथेच ठेवून नुसती हवा सोडा, जवळ जाल. 'नाख्ट', 'आख' यांतला वेगळा, तो घशातला 'ख'. अ, ओ, उ यांच्यानंतर घशातला, इ, ए यांच्यानंतर मऊ. मराठी वक्ते दोन्हीकडे 'श' किंवा दोन्हीकडे 'ख' लावतात, तिथे पितळ उघडं पडतं.

'गेलोश्ट'मधला 'ओ' खरा ओ नाही. त्यावर दोन टिंबं असतात. ओठ 'ओ'चे, जीभ 'ए'ची.

तुमच्या मित्राला एक गोष्ट मात्र फुकट मिळालीय. 'त्सेल्ट', 'त्साइट'मधला 'त्स' इंग्रजीवाल्यांना शब्दाच्या सुरुवातीला जड जातो. आपल्याकडे 'चाक', 'चमचा' यांतला 'च' जवळजवळ तोच. 'चहा'मधला नव्हे.

आणखी दोन. शब्दाच्या शेवटी 'ग', 'ड', 'ब' आले की ते 'क', 'ट', 'प' होतात: दिवस म्हणजे 'टाग' लिहितात, म्हणतात 'टाक'. आणि स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी घसा किंचित मिटून उघडतो. आपण शब्द जोडत जातो, ते तोडत जातात. संथ निवेदनात ही बारीक तोड फार परिणाम करते. मिक्समध्ये ती खाडकन वाजली तर क्लिक समजून काढू नका. ती भाषा आहे.

पुण्या-मुंबईत असाल तर मॅक्स म्यूलर भवनाच्या वर्गात शिकलेला कुणीतरी सहज सापडेल. रेकॉर्डिंगआधी मजकूर त्याच्याकडून एकदा वाचून घ्या. रेकॉर्डिंगनंतर चूक कळणं महागात पडतं.

खर्जातला_षड्ज

रेकॉर्डिंगबद्दल थोडक्यात. डबिंगच्या बूथमध्ये न्यूमनचा यू ८७ हा माइक नेहमीचा, किंवा सेनहायझरचा ४१६. घरी कुठलाही बरा कंडेन्सर माइक चालेल, पण अंतर महत्त्वाचं. १५ ते २० सेंटिमीटर, मधे पॉप फिल्टर. दहाच्या आत आलं की प्रॉक्सिमिटीने (माइकच्या फार जवळ गेल्याने) आवाजाचा खालचा भाग फुगतो. हा फुगा म्हणजे 'तो भारदस्त आवाज' असं समजून लोक माइक चाटतात. खरा भारदस्तपणा छातीतून आणि संथपणातून येतो. पातळीची शिखरं -१२ ते -६ डेसिबलमध्ये, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, पूर्ण कोरडं (रिव्हर्ब वगैरे न लावता).

लांबून काम करून घेत असाल तर निवेदकाकडून प्रत्येक ओळीचे तीन टेक (इथे टेक म्हणजे बोलण्याची एक खेप) मागा: सरळ, संथ आणि कुजबुज. सोबत दोन-तीन सेकंद खोलीची शांतता, जोड लपवायला लागते. कुजबुज मुख्य टेकखाली १२ डेसिबल कमी ठेवून लावली की व्यंजनांना धार येते. दोन्ही टेक अक्षर-अक्षर जुळवा, नाहीतर प्रत्येक 'ट' दोनदा फुटेल.

कोरडा_टेक

त्यात भर. ४८ ची फाइल ४४.१ च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न करता टाकली की निवेदन जवळजवळ नऊ टक्के लांबतं आणि दीड अर्धसुराने खाली जातं. घातक भाग असा की ते *बरं* वाटतं. आवाज अजून खोल, अजून गंभीर. मग तोच मिक्स मंजूर होतो आणि निवेदक म्हणतो, हा मी नाही. फाइल टाकल्यावर तिची लांबी मूळ लांबीशी ताडून बघा, दहा सेकंदांचं काम.

कुजबुज डावी-उजवीकडे फेकणाऱ्यांनी मोनोत (दोन्ही बाजू एकत्र करून) ऐकून घ्यावं. बऱ्याच क्लबांत यंत्रणा मोनोच असते. एका बाजूचा फेज (ध्वनिलहर) उलटा करून रुंदी आणली असेल तर तिथे कुजबुज गायब.

पुणेरी_पॅड

सिनेमातले संवादच उचलून टाकणारे असतात त्यांचं काय? गोवा ट्रान्समध्ये तर ती परंपराच. (जर्मनीत 'गोआ' म्हणजे राज्य नाही, पार्टीचा प्रकार. आपल्या लोकांना तिकडची पोस्टरं बघून पहिल्यांदा धक्का बसतो.)

हक्कसोड

तिथे जपून. जर्मन डब केलेल्या सिनेमातला तुकडा उचलला तर निर्मात्याचा हक्क, संवादलेखकाचा हक्क आणि आवाज देणाऱ्या नटाचा हक्क, तिन्ही अंगावर येतात.

'दोनच सेकंद तर घेतले' म्हणणाऱ्यांनी क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा खटला वाचावा. त्यांच्या १९७७ च्या 'मेटाल आउफ मेटाल'मधला दोन सेकंदांचा ठेका मोझेस पेल्हाम यांनी १९९७ मध्ये एका रॅप गाण्यात फिरवून वापरला. जर्मनीचं सर्वोच्च दिवाणी न्यायालय, २०१६ मध्ये जर्मनीचं घटनात्मक न्यायालय, २०१९ मध्ये युरोपीय न्यायालय, आणि तरीही प्रकरण संपलं नाही, २०२३ मध्ये पुन्हा युरोपीय न्यायालयाकडे गेलं. २०१९ चा निकाल ढोबळमानाने असा: छोटा तुकडासुद्धा परवानगीशिवाय नाही, कानाला ओळखू येणार नाही इतका बदलला असेल तर गोष्ट वेगळी. डबिंगचा आवाज तर ओळखू येण्यासाठीच घेतात, म्हणजे ती पळवाट आपोआप बंद. 'सेडनेस'मधल्या ग्रेगोरियन गायनावरूनही तक्रार झाली होती, ती भरपाई देऊन मिटली.

मजकुराचा हक्क वेगळा. जर्मनीत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. कवी रिल्के १९२६ मध्ये गेले, म्हणजे १९९७ पासून मोकळे. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'रिल्के प्रोयेक्ट'मध्ये नामवंत नटांनी त्यांच्या कविता संगीतावर म्हटल्या आहेत, निवेदन शिकणाऱ्यांनी जरूर ऐकावं. लेखक हेर्मान हेसे १९६२ मध्ये गेले, म्हणजे २०३२ संपेपर्यंत हात लावू नका. भारतात मुदत ६० वर्षांची आहे म्हणून इथे मोकळं झालेलं तिकडे प्रकाशित करता येईलच असं नाही.

बायबलमध्ये हमखास फसगत होते. लूथरचं १५४५ चं भाषांतर मोकळं आहे, २०१७ ची सुधारित आवृत्ती नाही. ऑनलाइन पहिली सापडते ती बहुतेक नवी. शब्दलेखन जुनाट दिसलं तर बरोबर वाटेवर आहात.

रात्रपाळी

आणि निवेदकाशी करार? आणि एआयने तसा आवाज बनवला तर?

हक्कसोड

करारात 'ट्रॅकसाठी निवेदन' एवढंच लिहून भागत नाही. प्रत्येक वापर वेगळा मोजतात: मूळ ट्रॅक, रिमिक्स, लाइव्ह कार्यक्रमात वाजवणं, जाहिरात, व्हिडिओ. रिमिक्सचा उल्लेख नसेल तर पुढच्या वर्षी रिमिक्सवाल्याला कोरडं निवेदन देता येत नाही. देश, मुदत, श्रेयात नाव कसं छापायचं, आवाजावर मशीनचं प्रशिक्षण करायचं नाही, हे सगळं लेखी. मानधनाच्या अंदाजासाठी तिथल्या निवेदकांच्या संघटनेचा दरपत्रक असतो, तो बघून बोला. हवेत आकडा फेकू नका.

जाहिरातीत 'डी नीरोचा आवाज' असं छापू नका. तुम्ही ब्रुकनरांना घेतलंय, डी नीरोंना नाही.

नकलेबद्दल: विनोदी नट हाइन्त्स एर्हार्ट यांच्या आवाजाची जाहिरातीत नक्कल केली म्हणून हॅम्बुर्गच्या न्यायालयाने १९८९ मध्येच बंदी घातली होती, आणि तेव्हा ते हयातही नव्हते. म्हणजे आवाज हा व्यक्तिमत्त्वाचा भाग हे तिथे एआयच्या कितीतरी आधी ठरलेलं आहे. ओळखीच्या आवाजाचा क्लोन परवानगीशिवाय करायचाच नाही.

आणि हो, निवेदकाला जीव्हीएलबद्दल सांगा. कलाकारांचे हक्क सांभाळणारी ही जर्मन संस्था १९५९ पासून आहे. रेडिओवर ट्रॅक वाजला तर कलाकाराचा वाटा तिच्यामार्फत येतो. त्यासाठी ट्रॅकचा आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) आणि निवेदकाचं नाव नीट नोंदलेलं असावं लागतं. मजकूर लिहिणाऱ्याचं खातं वेगळं, गेमा या दुसऱ्या हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे. दोन्ही एकच समजून लोक एक सोडून देतात.

मिरजेची_तार

क्राफ्टवेर्कचा विषय निघालाच आहे तर: १९७५ च्या 'राडिओ-आक्टिविटेट'वर 'डी श्टिमे डेर एनर्गी' ऐका. तिथे माणसाला यंत्र केलंय, सूर सपाट, चढउतार नाही. त्यामुळे वर सांगितलेली बेसुराची अडचणही नाही. माणसाचा आवाज हवा असेल तर ती अडचण सोबत येणार.

रात्रपाळी

मजकूर कापला. एकतीस शब्दांचे चौदा झाले. क्रियापद सहाव्या बाराच्या शेवटी. ट्रॅक जी मायनरमध्ये आहे, मित्राचा शेवट साधारण ९२ हर्ट्झवर पडतो.

मिरजेची_तार

९२ म्हणजे एफ शार्प, ९२.५ ला. तुमचा जी ९८ वर. पुन्हा अर्ध्या सुराचंच भांडण. सहाव्या बारात बास काढा, पॅडमधून खालचा जी उचला, वर डी आणि बी फ्लॅट राहू द्या. सातव्या बारात जी परत आणलात तर निवेदन 'सा'वर येऊन टेकल्यासारखं वाटेल.

कोरडा_टेक

आणि जी परत आणताना शेवटच्या अक्षराला लागून नको, अर्धा ठोका थांबून. २३४ मिलिसेकंद.